चिऊताईचं बंद दार: एकाच गोष्टीवरून कथेचे घटक आणि अलंकार कसे शिकायचे

कथानक, पात्रं, संघर्ष, वातावरण, निवेदन, आशय. ही नावं दहावी-बारावीपर्यंत बहुतेकांची पाठ झालेली असतात. उपमा-उत्प्रेक्षांच्या व्याख्या तर त्याहून पक्क्या, कारण त्यांना हमखास मार्क असतात. पण समोर एखादी कथा ठेवून ‘यात उपमा कुठे आहे ते राहू दे, ती नसती तर काय बिघडलं असतं ते सांग’ असं विचारलं, की भलेभले गप्प होतात.

म्हणून इथे पद्धत एकच ठेवली आहे. घटक शोधायचा, तो गोष्टीतून काढून टाकायचा किंवा बदलायचा, आणि काय मोडतं ते पाहायचं. नाव मागाहून चिकटवायचं. विद्यार्थ्याला, पालकाला, शिक्षकाला आणि स्वतः लिहू पाहणाऱ्याला हीच पद्धत चालते. रोज अर्धा-पाऊण तास दिला तर दोनेक आठवड्यांत सगळं होतं. एक वही आणि एक पेन्सिल एवढंच सामान.

गोष्ट कोणती घ्यायची

कावळा-चिमणीची. हसू नका. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींनी सांगितलेली म्हणून ही गोष्ट येते, म्हणजे सातशेहून अधिक वर्षं ती मराठी तोंडांत टिकून आहे. इतका काळ टिकलेल्या गोष्टीत फुकटचं वाक्य सहसा उरत नाही. सांगणाऱ्यांनी ते कधीच गाळून टाकलेलं असतं. शिवाय पुढे काय होणार हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे लक्ष ‘काय’ऐवजी ‘कसं’कडे जातं. शिकायला नवी, उत्कंठावर्धक कथा घेतली की आपण तिच्यात वाहून जातो आणि वही कोरी राहते.

पहिल्या दिवशी ही गोष्ट आठवणीतून लिहून काढा. पुस्तकात किंवा यूट्यूबवर पाहू नका. तुमच्या घरी आजी, आई, मावशी जशी सांगायची तशीच हवी. एक पान पुरेसं आहे. ओळींमध्ये एकेक ओळ मोकळी सोडा, पुढे तिथे खुणा करायच्या आहेत.

साधारण सांगाडा असा: काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. मोठा पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं. काऊ चिऊच्या दारात जातो, ‘चिऊताई चिऊताई, दार उघड’. चिऊ म्हणते, थांब, बाळाला आंघोळ घालू दे. मग अंगडं-टोपडं घालू दे, मग तीट लावू दे, मग निजवू दे. शेवटी दार उघडतं. त्यापुढे काय होतं ते घरोघरी वेगळं, आणि ते आपल्या फार कामाचं आहे.

कथानक: ‘मग’ आणि ‘म्हणून’

वहीतल्या गोष्टीतल्या घटना एकाखाली एक लिहा. मग प्रत्येक दोन घटनांच्या मध्ये ‘मग’ बसतं की ‘म्हणून’ बसतं ते पाहा. पाऊस आला, *म्हणून* घर वाहून गेलं. घर वाहून गेलं, *म्हणून* काऊ चिऊकडे गेला. आंघोळ झाली, *मग* तीट लावली. ‘मग’नं जोडलेला असतो तो नुसता घटनाक्रम. ‘म्हणून’नं जोडलेलं असतं ते कथानक. नवशिक्यांच्या कथेत दहापैकी आठ ठिकाणी ‘मग’ असतं, आणि वाचणाऱ्याला कंटाळा का येतो याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं.

आता खरा प्रयोग. पाऊस काढा आणि त्या जागी कडक उन्हाळा घाला. शेणाचं घर उन्हात वाळून आणखी टणक होईल. मेणाचं घर मऊ पडून कलंडेल. (मेण पुरतं वितळायला साठ अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं, तिथवर विदर्भातला मे महिनाही जात नाही, पण मऊ पडायला तेवढी गरज नसते.) मग दार ठोठावत कोण येईल? चिऊ. आणि आत बसून ‘थांब’ म्हणणारा असेल काऊ. ऋतू बदलला आणि गोष्टीतला गरजू बदलला. म्हणजे ‘शेणाचं’ आणि ‘मेणाचं’ हे घराचं वर्णन म्हणून आलेलं नाही. पुढच्या संकटाचं कारण सांगणाऱ्यानं सुरुवातीलाच पेरून ठेवलं आहे. याला म्हणतात पूर्वसूचना किंवा बीजपेरणी. लहान मूल ते वाक्य ऐकताना त्यात काही आहे असं मानत नाही, आणि पाऊस आल्याबरोबर त्याला सगळं कळतं.

ज्यांना आराखडा हवा असतो त्यांच्यासाठी दोन आहेत. गुस्टाव फ्राइटाग या जर्मन लेखकानं १८६३ मध्ये नाटकाची चढण, शिखर आणि उतरण अशी पाच टप्प्यांची आकृती मांडली. इंटरनेटवर कथालेखनाच्या नावानं जो त्रिकोण सगळीकडे दिसतो तो तिथला. त्याच्या कितीतरी शतकं आधी भरताच्या नाट्यशास्त्रात पाच अवस्था सांगितल्या आहेत, त्यांची पुढे रूढ झालेली नावं: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. आपल्या गोष्टीला मला ही दुसरी मांडणी जास्त चपखल वाटते. घर गेलं, निवारा हवा, हा आरंभ. दार ठोठावणं हा प्रयत्न. आतून उत्तर येतं, म्हणजे चिऊ घरात आहे, ही प्राप्त्याशा. बाळ निजलं, आता सांगायला कारणच उरलं नाही, ही नियताप्ती. दार उघडणं हा फलागम. फ्राइटागचा त्रिकोण ताण कुठे वाढतो ते दाखवतो; या पाच अवस्था काऊच्या मनात काय चाललंय तेही सांगतात. पण आराखडा कथा तपासायला वापरा. तो समोर ठेवून कथा लिहायला बसलात तर कथा फॉर्म भरल्यासारखी होते.

स्थळ, काळ, वातावरण

यातला बराच भाग वर होऊन गेला. इथे एकच सवय लावून घ्या. गोष्टीत स्थळाचा किंवा हवेचा उल्लेख दिसला की समासात लिहा: ‘यामुळे कुणाचं काय अडलं?’ कुणाचंच काही अडत नसेल तर ते नेपथ्य आहे. वाईट नाही, पण ते छोटं ठेवावं.

पात्रं: कोण कुणाला काय म्हणतं

पात्र कळायच्या वाटा चार: ते काय करतं, काय बोलतं, इतर त्याच्याशी कसे वागतात, आणि निवेदक त्याच्याबद्दल थेट काय सांगतो. यातली चौथी वाट सर्वांत सोपी आणि सर्वांत दुबळी. ‘चिमणी स्वार्थी होती’ असं वाक्य तुमच्या आजीनं कधी उच्चारलं नसेल.

मराठीत एक पाचवी वाट आहे आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होतं: संबोधन. काऊ ‘चिऊताई’ म्हणतो. मदत मागायला आलेल्यानं आधी नातं जोडलं आहे. आमच्याकडच्या गोष्टीत चिऊ त्याला एकदाही ‘काऊदादा’ म्हणत नाही. तिच्या तोंडी नुसतं ‘थांब’. एकानं नातं पुढे केलंय, दुसरीनं ते उचललेलं नाही, आणि हे सगळं एका ‘ताई’ शब्दात घडलं आहे. तुमच्या घरच्या गोष्टीत ती ‘दादा’ म्हणत असेल तर तुमची चिऊ वेगळी आहे. कथा वाचताना तू, तुम्ही, अहो, अगं, राव, वहिनी यांच्याखाली रेघ मारत चला. सासू सुनेला ‘तू’वरून ‘तुम्ही’वर कधी गेली हे सापडलं की अर्धी कथा सापडते.

प्रत्येक पात्रापुढे दोन गोष्टी लिहा: त्याला काय हवंय, आणि ते न मिळाल्यास त्याचं काय जातं. काऊला कोरडी जागा हवी. नाहीतर जीव जाईल. चिऊला बाळ सुखरूप हवं. नाहीतर बाळ जाईल. दोघांचंही बरोबर आहे. इथे संघर्ष म्हणजे काय ते आपोआप कळतं. काऊ आणि पाऊस हा बाह्य संघर्ष. काऊ आणि चिऊ हाही बाह्यच. पण चिऊ दारामागे उभी असताना तिच्या मनात जे चाललं असेल तो अंतर्गत संघर्ष, आणि लोककथा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. आधुनिक कथा नेमकी तिथे शिरते.

निवेदन: गोष्ट कोण सांगतंय

हा घटक वाचून समजत नाही, लिहूनच समजतो. दार बंद असतानाचा तोच क्षण तीन प्रकारे लिहा. नमुन्यादाखल:

*सर्वज्ञ निवेदक:* कावळा दारात कुडकुडत होता. चिमणीला त्याची चाहूल केव्हाच लागली होती. पण मागच्या पावसाळ्यात तो अंड्यांकडे कसा पाहत होता ते ती विसरली नव्हती.

*तृतीयपुरुषी, पण फक्त कावळ्याच्या बाजूनं:* कावळ्यानं चोच दाराला टेकवली. फटीतून ऊब येत होती. आत भांडं वाजलं, कुणीतरी अंगाई गुणगुणलं. म्हणजे ती घरातच होती.

*प्रथमपुरुषी, चिमणी:* मी तरी काय करणार? बाळाचा डोळा नुकता लागला होता. दार उघडलं असतं तर पाणी आत आलं असतं. दुसरं काही नाही.

पहिल्यात आपल्याला दोघांचं सगळं माहीत आहे, म्हणून आपण न्यायाधीश होतो. दुसऱ्यात आपण भिजतोय. तिसऱ्यात ‘दुसरं काही नाही’ वाचताक्षणी कळतं की दुसरं काहीतरी आहे. बोलणाऱ्याच्या शब्दावर वाचकाचा विश्वास बसत नाही आणि लेखकालाही तेच हवं असतं, अशा निवेदकाला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. मराठीत त्यासाठी एक तयार हत्यार आहे: ‘म्हणे’. ‘त्याचं घर वाहून गेलं’ आणि ‘त्याचं घर वाहून गेलं म्हणे’ यांत पावसाचा थेंबही बदललेला नाही; सांगणारीनं हात मात्र झटकले आहेत.

निवेदनातच काळाचा विषय येतो. ही दोन वाक्यं मोठ्यानं वाचा: ‘काऊ रोज उकिरड्यावर जाई, चिऊ दाणे वेचून आणी, संध्याकाळी दोघं एकाच फांदीवर बसत.’ ‘एकदा काय झालं, आभाळ भरून आलं.’ जाई, आणी, बसत हा रीतिभूतकाळ. तो नेहमीचं आयुष्य मांडतो. ‘एकदा’ आलं, क्रियापद साध्या भूतकाळात गेलं, की नेहमीचं आयुष्य संपलं आणि कथा सुरू झाली. कुठल्याही मराठी कथेत हा सांधा शोधा. पहिल्या पानावर सापडला नाही तर दुसऱ्यावर सापडेल. तिसऱ्यावरही सापडला नाही तर लेखक अजून घसा साफ करतोय.

पुनरावृत्ती

‘दार उघड’ किती वेळा येतं? बहुतेक घरांत चार-पाच वेळा. आता काढून पाहायची वेळ. काऊ एकदाच म्हणाला, चिऊनं एकदाच ‘थांब’ म्हटलं आणि दार उघडलं. घटना त्याच राहिल्या, गोष्ट मेली.

कारण काऊचं वाक्य तेच राहतं आणि चिऊचं उत्तर पुढे सरकतं: आंघोळ, अंगडं-टोपडं, तीट, निजवणं. आत बाळाची एक अख्खी सकाळ उलगडतेय आणि बाहेर काऊ आहे तिथेच भिजतोय. न बदलणारी ओळ आणि बदलणारी ओळ एकमेकींना घासतात, त्यातून ताण येतो. क्रम उलटा करून पाहा. आधी बाळ निजलं आणि मग आंघोळ घातली तर हसू येईल, शिवाय दार उघडण्याकडे आपण सरकतोय ही जाणीव जाईल.

म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीतली पुनरावृत्ती याच्या शेजारी ठेवा. तिथे जाताना वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक प्राण्याला म्हातारी तेच उत्तर देते: लेकीकडे जाईन, लठ्ठ होऊन येईन, मग खा. येताना तेच प्राणी पुन्हा आडवे येतात आणि भोपळा टुणूक टुणूक निघून जातो. जाताना दिलेला शब्द येताना फसवणूक ठरतो. म्हणजे इथे पुनरावृत्ती अर्थ उलटवण्यासाठी आहे. चिऊच्या दारात ती छळण्यासाठी आहे.

शब्दाच्या मागचा अर्थ

शब्दशक्ती, म्हणजे शब्दाची अर्थ पोचवायची ताकद, तीन: अभिधा (सरळ अर्थ), लक्षणा (सरळ अर्थ जुळत नाही म्हणून घेतलेला जवळचा अर्थ), व्यंजना (सुचवलेला अर्थ). परीक्षेत त्या कवितेच्या ओळींवर विचारतात, त्यामुळे कथेशी त्यांचा संबंध नाही असाच समज होतो. चिऊचं ‘थांब, बाळाला तीट लावू दे’ घ्या. अभिधेनं अर्थ: आई कामात आहे. व्यंजनेनं अर्थ: तू आत यायला नको आहेस. पहिल्यांदा ‘आंघोळ’ येते तेव्हा आपण अभिधाच ऐकतो. तीट लावायची वेळ येईपर्यंत व्यंजना वर आलेली असते. शब्द साधेच राहिले, संदर्भानं त्यांना वाकवलं. वादळी पावसात बाळाला तीट लावण्याची निकड कुणाला असते?

लक्षणाही याच गोष्टीत बसते. ‘अख्खं घर झोपलं होतं’ असं कुणी सांगितलं तर भिंती झोपल्या नव्हत्या, माणसं झोपली होती.

संवाद लिहिताना याचा थेट उपयोग होतो. पात्राला जे म्हणायचंय तेच ते म्हणत असेल तर संवाद माहिती-फलकासारखा सपाट होतो. सराव: चिऊच्या तोंडी ‘मला तुझा विश्वास वाटत नाही’ हा आशय घाला, पण विश्वास, भीती, अंडी, चोर यांतला एकही शब्द वापरायचा नाही. पाच वाक्यं लिहा, त्यातली तीन खोडाल.

अलंकार: एकाच भिजलेल्या कावळ्यावर

अलंकार सुटे सुटे शिकले की गोंधळतात. म्हणून एकच चित्र घ्या आणि ते पायरीपायरीनं चढवत न्या.

उपमा: *भिजलेला कावळा मिटलेल्या छत्रीसारखा ठिबकत होता.* उपमेय कावळा, उपमान छत्री, साधारण धर्म ठिबकणं, साम्यवाचक शब्द ‘सारखा’. चारही अंगं हजर.

उत्प्रेक्षा: *दारात जणू कुणी छत्रीच विसरून गेलं होतं!* आता कावळा छत्रीसारखा नाही. तो छत्रीच असावा अशी कल्पना आहे, आणि ‘जणू’ त्या कल्पनेची कबुली देतं.

रूपक: *त्या कावळ्या-छत्रीखाली पाण्याचं थारोळं साचलं.* दोन्ही एकरूप झाले, ‘जणू’ गेलं.

आणि त्यापुढे: *दारातली छत्री दुसऱ्यांदा म्हणाली, चिऊताई, दार उघड.* इथे कावळा हा शब्दच नाही. उपमेय उपमानानं गिळून टाकलं. संस्कृत अलंकारशास्त्रात याला रूपकातिशयोक्ती म्हणतात. शाळेत ही क्वचित शिकवतात, पण गद्य लिहिणाऱ्याला चौघींमध्ये हीच सर्वांत जास्त कामाची, कारण वाक्य थांबत नाही. अलंकार आणि घटना एकाच दमात पुढे जातात. अट एवढीच, की वाचकाला आधीच्या एखाद्या वाक्यात छत्री दाखवलेली असावी.

आता काढून पाहण्याची कसोटी लावा. ‘भिजलेला कावळा कोळशासारखा काळा दिसत होता’ यातली उपमा काढली तर काय गेलं? काही नाही, कावळा काळा असतो हे जगाला माहीत आहे. छत्रीची उपमा काढली तर ‘कुणीतरी दारात विसरून गेलेलं’ हा परकेपणा जातो, आणि तो या गोष्टीच्या गाभ्याचा आहे. चंद्रासारखा चेहरा आणि कमळासारखे डोळे याच कसोटीवर नापास होतात.

चेतनगुणोक्तीबद्दल एक नेहमीची गल्लत. पक्षी बोलतात म्हणून ही गोष्ट चेतनगुणोक्तीचं उदाहरण म्हणून दिलेली मी पाहिली आहे. पक्षी मुळात सचेतन आहेत. अचेतन वस्तू सजीवासारखी वागते तेव्हा हा अलंकार होतो. ‘चिऊचं दार हट्टाला पेटलं होतं’ हे त्याचं उदाहरण. पक्षी-प्राणी माणसासारखे बोलू लागले तर त्याला मानवीकरण म्हणावं.

शब्दालंकार थोडक्यात. ‘शेणाचं-मेणाचं’ हे यमक. ‘शेणाचं-लाखेचं’ म्हणून पाहा. अर्थाला धक्का लागत नाही, पण पुढच्या पिढीपर्यंत ते वाक्य पोचणार नाही. तोंडी परंपरेत यमक म्हणजे लक्षात ठेवायची सोय. वर एक गंमत: दोन अगदी विरुद्ध घरं एकाच नादानं बांधली गेली आहेत.

प्रतीक: जपून

दार म्हणजे समाज, मेण म्हणजे सत्ता, कावळा म्हणजे शोषित वर्ग, अशी उत्तरं पटकन सुचतात आणि लिहिणाऱ्याला फार हुशार वाटतं. माझा नियम कडक आहे. वस्तू कथेच्या वळणावर आली पाहिजे, आणि तिला काही व्हायला पाहिजे. दार या कसोटीला उतरतं: गोष्टीचं सगळं वजन ते उघडतं की नाही यावर आहे. तीट उतरत नाही. ती सुंदर तपशील आहे, तेवढंच पुरे.

शेवट आणि आशय

आता घरोघरीच्या वेगळेपणाकडे. काही घरांत चिऊ काऊला चुलीपाशी बसायला सांगते आणि तो भाजतो. काही घरांत काऊ रात्री घरातलं खाऊन फस्त करतो, आणि ‘काय खातोस रे?’ विचारलं की ‘सुपारी’ म्हणून थाप मारतो. हल्लीच्या आयांच्या गोष्टीत चिऊ त्याला टॉवेल देते, गरम भात वाढते, आणि दोघं मित्र होतात.

तिन्ही शेवट वहीत लिहा आणि प्रत्येकाखाली गोष्टीचा आशय एका वाक्यात मांडा. पहिल्यात बळ ज्याच्या हातात तो क्रूर होतो. दुसऱ्यात चिऊची शंका खरी ठरते, म्हणजे दार बंद ठेवणं शहाणपणाचं होतं. तिसऱ्यात ती शंका अनाठायी होती. शेवटची चार वाक्यं बदलली आणि आधीच्या प्रत्येक ‘थांब’चा अर्थ मागे जाऊन बदलला. आशय कथेवर वरून ओतता येत नाही, तो असा शेवटाकडून मागे झिरपतो. तात्पर्य वेगळं: ते गोष्टीबाहेर उभं राहून सांगितलेलं असतं आणि दोन विरुद्ध तात्पर्यं एकाच गोष्टीला चिकटवता येतात. मला विचाराल तर टॉवेलवाला शेवट सर्वांत कमकुवत आहे. तो चांगुलपणाचा आहे म्हणून नव्हे. चिऊ इतका वेळ का थांबली याचं उत्तर त्यात कुठेच मिळत नाही म्हणून.

आता तुमची कथा

सांगाडा तोच ठेवा आणि सगळं सामान बदला. समजा स्थळ कुर्ल्यातली तीन मजली इमारत आणि दिवस २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हा आकडा तुमच्या टिपणात असू द्या, कथेत नको. जिन्यावर उभ्या असलेल्या बाईला मिलिमीटर माहीत नाहीत. तिला पाणी कितव्या पायरीवर आलंय ते दिसतं.

“वहिनी, जरा दार उघडता का? खाली कमरेएवढं पाणी झालंय.”

“अगंबाई! थांबा हं, कुकरची एक शिट्टी राहिलीय.”

नीलिमाबाई थांबल्या. तिसरी पायरी बुडाली होती.

“वहिनी?”

“आलेच. सोनूचे कपडे बदलते आधी. सर्दीचा कोठा आहे त्याचा.”

नीलिमाबाईंनी रेशनकार्डाची पिशवी पोटाशी धरली. चौथी पायरी अजून दिसत होती, पण नीट पाहिलं तरच.

“वहिनी, शिट्टी झाली का?”

आंघोळीच्या जागी कुकर आला, तीटेच्या जागी कोरडे कपडे. पायऱ्या पुनरावृत्तीला पुढे ढकलतात. रेशनकार्डाची पिशवी सांगते की घरातून निघताना बाईंनी काय उचलायचं ठरवलं. आणि शेवटचा प्रश्न शिट्टीचा नाही, हे दारामागच्या वहिनींनाही कळलेलं आहे. निवेदक कुणाच्याच मनात गेलेला नाही. यात अलंकार किती? जवळजवळ एकही नाही, आणि इथे तो घालावासाही वाटत नाही.

तुमचा मसुदा चारशे-पाचशे शब्दांचा होऊ द्या. एक रात्र जाऊ द्या. मग मोठ्यानं वाचा, आणि एकेक वाक्य बोटाखाली झाकून पुढचं वाचा. झाकलेल्याची उणीव भासली नाही तर ते खोडा. विशेषणांपासून सुरुवात करा, ती सर्वांत आधी गळतात. क्रियाविशेषणं त्यांच्या मागोमाग.

एवढं झाल्यावर दुसऱ्याची छापील कथा घ्या. दिवाळी अंक त्यासाठी उत्तम: मासिक मनोरंजनानं १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचं मोठं पीक तिथेच येतं, आणि वाचनालयात जुने गठ्ठे सहज मिळतात. माहीत नसलेल्या लेखकाची, आठ-दहा पानांची एक कथा निवडा. पहिल्यांदा वाचताना पेन्सिल लांब ठेवा, नुसतं वाचा. दुसऱ्यांदा ‘एकदा’चा सांधा, संबोधनं आणि परत परत येणारी वस्तू, एवढ्याच तीन खुणा करा. तिसऱ्यांदा शेवटचा परिच्छेद झाकून स्वतःचा लिहा, मग लेखकाचा उघडा, आणि दोन्ही शेवटांनी पहिल्या पानावरचं कोणतं वाक्य बदललं ते वहीत टिपून ठेवा.